‘झूझी यूलेइ’मधील शेरे : झू शी आपल्या पूर्वसूरींना कसे तोलतो?

तळटीप

चीनमधील दक्षिण सोंग काळातील कन्फ्यूशियन पंडित झू शी (११३०–१२००) याचे नाव निघते ते बहुधा कन्फ्यूशियन परंपरेतील ‘चार ग्रंथां’वरील त्याच्या भाष्यांमुळे. १३१३ मध्ये युआन दरबाराने राजपरीक्षांसाठी ती भाष्ये प्रमाण ठरवली आणि १९०५ मध्ये परीक्षापद्धती रद्द होईपर्यंत परीक्षार्थींची त्यांतून सुटका झाली नाही. मला मात्र येथे त्या भाष्यांविषयी लिहायचे नसून त्याच्या शिष्यांनी टिपून ठेवलेल्या बोलण्याविषयी लिहायचे आहे. हे बोलणे ली जिंगद याने १२७० मध्ये विषयवार लावून १४० खंडांत प्रसिद्ध केले. त्याचे नाव ‘झूझी यूलेइ’, म्हणजे गुरुवर्य झू यांचे वर्गवार संभाषण. त्यात विश्वाची रचना आहे, भुते-पितरे आहेत, वाचन कसे करावे याचा उपदेश आहे. आणि अखेरच्या खंडांत पूर्वीच्या विचारवंतांवर व लेखकांवर मारलेले शेरे आहेत. १२५ वा खंड ताओ मताचे लाओझी आणि झुआंगझी यांचा, १३७ वा युद्धमान राज्यांच्या काळापासून (इ. स. पू. पाचवे ते तिसरे शतक) थांग काळापर्यंतच्या (६१८–९०७) विचारवंतांचा, तर १३९ व १४० हे गद्य आणि काव्य यांचे आहेत.

हे शेरे वाचताना प्रथम जाणवतो तो त्यांतील रोखठोकपणा. हान काळातील यांग श्योंग (इ. स. पू. ५३ – इ. स. १८) हा सर्वांत निरुपयोगी, खरोखरीचा कुजका पंडित असून अडचणीची वेळ आली की तो लाओझीच्या मताचा आश्रय घेतो, असे झू शी म्हणतो. इ. स. पू. तिसऱ्या शतकातील कन्फ्यूशियन विचारवंत श्युन्झी याच्या विचारांत चुका असल्या तरी जेथे तो नेमके बोलतो तेथे त्याचे बोलणे भरीव असते. यांग श्योंगचे तसे नाही, त्याचे लेखन नुसतेच फुगलेले आहे, असेही तो एके ठिकाणी सांगतो. आपल्या भाषेत सांगायचे तर यांग श्योंगच्या अंगावर दिसते ते बाळसे नव्हे, सूज आहे. लाओझी हा मनाचा सर्वांत विषारी, कारण तो कोणाशी स्पर्धा करत नाही हीच त्याची खोलवरची स्पर्धा होय. झुआंगझी मात्र मोठा विद्वान. त्याला सारे कळले होते, पण त्याप्रमाणे काही करावे असे त्याला वाटले नाही.

थांग काळातील गद्यलेखक हान यू (७६८–८२४) याच्यावरचा शेरा मला सर्वांत कठोर वाटतो. बौद्ध मतावर तुटून पडणारा, ८१९ मध्ये बुद्धाच्या अस्थीच्या पूजेविरुद्ध सम्राटाला निवेदन लिहून हद्दपारी पत्करणारा हा माणूस. त्याच्याविषयी झू शी म्हणतो, की आरंभापासून त्याला हवी होती ती सरकारी जागा. आपली भाषा सहा अभिजात कन्फ्यूशियन ग्रंथांसारखी उतरली की आपण प्राचीन संतांच्या मार्गाची (दाओ) परंपरा पुढे नेली असे त्याला वाटे. आणि त्याचा दिवस पाहावा तर कविता, पट आणि मद्य यांतच गेलेला.

हा केवळ तिरसट स्वभाव नव्हे. झू शीच्या मते संतांचा मार्ग कन्फ्यूशियसच्या परंपरेतील मेन्शियसनंतर खंडित झाला आणि जवळजवळ चौदाशे वर्षांनी, अकराव्या शतकातील झोऊ दुनयी व चेंग बंधू यांच्याकडे तो पुन्हा उजळला. असे मानले, की मधल्या काळातील प्रत्येक थोर माणसाजवळ नेमके काय उणे होते, हे सांगण्याची जबाबदारी अंगावर येते. त्याच्या आधीच्या शतकात परिस्थिती वेगळी होती. श्युन्झी, यांग श्योंग, सुई काळातील वांग तोंग आणि हान यू हे चौघे त्या परंपरेचे दुवे म्हणून आदराने सांगितले जात असत, आणि सिमा ग्वांगसारख्या इतिहासकाराने तर यांग श्योंगच्या ग्रंथांवर भाष्ये लिहिली होती. झू शीचे शेरे हे त्या जुन्या यादीची केलेली झडती आहे. त्या झडतीत बऱ्यापैकी निभावला तो दोंग झोंगशू. हान काळातील पंडितांत तेवढाच एक शुद्ध, असा निर्वाळा त्याला मिळाला.

माझे म्हणणे असे, की या शेऱ्यांमागे एकच कसोटी आहे: शब्द त्या माणसाच्या जगण्यातून उगवले आहेत, की बाहेरून आणून चिकटवले आहेत? यांग श्योंगने कन्फ्यूशियसच्या ‘संभाषिते’ या ग्रंथाच्या धर्तीवर ‘फा यान’ आणि ‘परिवर्तनांचा ग्रंथ’ याच्या धर्तीवर ‘थाय श्युआन’ लिहिला. वांग तोंगच्या नावावरचा ‘झोंग शुओ’ हाही कन्फ्यूशियसच्या संभाषणांच्या साच्यात ओतलेला आहे. साच्याची ही ओढच झू शीला खटकते. तुम्हां सर्वांना काय वाटते, ते वाचायला आवडेल.

मधुमालती

लेख आवडला, तरी कसोटीविषयी मनात शंका आहे. जगण्यातून उगवलेले शब्द कोणते हे ठरवणार कोण? ज्याच्या हाती परंपरेची यादी आहे, तोच ना? ज्याला यादीतून वगळायचे त्याच्या शब्दांत जगणे दिसत नाही असे म्हणणे फार सोपे असते. शिवाय वाङ्मयाविषयी झू शीची मूळ भूमिकाच मला संकुचित वाटते. वाङ्मय म्हणजे भातासोबतचे तोंडी लावणे, असे त्याचे एक प्रसिद्ध वाक्य आहे. जो समीक्षक वाङ्मयाला पानाच्या डाव्या बाजूला बसवतो, त्याच्याकडून लेखकांना न्याय मिळेल अशी आशा का धरावी?

तळटीप

मधुमालती, ते वाक्य १३९ व्या खंडात आहे आणि ज्या प्रश्नाला उत्तर म्हणून ते आले तो प्रश्न सोबत ठेवला तर त्याचा रोख बदलतो. हान यूच्या ग्रंथसंग्रहाला ली हान याने प्रस्तावना लिहिली आणि तिच्या आरंभीच वाङ्मय हे मार्गाला ओवून घेणारे साधन आहे, असे विधान केले. एका शिष्याने या विधानाचे कौतुक केले, तेव्हा झू शी म्हणाला, की अभिजात ग्रंथांतील वाङ्मय हे मार्गातूनच वाहत आलेले आहे, मग उलट वाङ्मयाने मार्गाला ओवावे हे कसे घडणार? मुळाला शेंडा आणि शेंड्याला मूळ म्हणण्यासारखे ते झाले. तोंडी लावण्याचे वाक्य या ओघात येते. त्यात वाङ्मयाची हेटाळणी असण्यापेक्षा, वाङ्मयाने आपण मार्गाचे वाहक असल्याचा जो दावा केला त्याला दिलेला नकार आहे.

याच खंडात तो दुसऱ्या एका ठिकाणी मार्ग हे वाङ्मयाचे मूळ आणि वाङ्मय ही मार्गाची पाने-फांद्या, असे म्हणतो. पाने-फांद्या मुळापासून वेगळ्या काढता येत नाहीत. सोंग काळातील कवी आणि निबंधकार सू दोंगपो (१०३७–११०१) याच्यावरचा त्याचा आक्षेप येथूनच निघतो. ‘माझे वाङ्मय नेहमी मार्गासोबत असते’ अशा अर्थाचे विधान सू दोंगपोने केले होते. झू शीने त्यातील ‘सोबत’ असण्यावरच बोट ठेवले. सोबत असणे म्हणजे दोन वस्तू वेगळ्या असणे. म्हणजे हा माणूस लिहायला बसला की ऐन वेळी कोठून तरी मार्ग शोधून आणतो आणि लेखात घालतो, हाच त्याचा मोठा आजार. मला हा आक्षेप पूर्णपणे पटत नाही, कारण सू दोंगपोच्या हद्दपारीतील लेखनात काय ऐन वेळी आणलेले आहे हे मला दिसत नाही. परंतु आक्षेपाची धार नाकारता येत नाही. आशय आणि शैली यांची गाठ आधीच पडलेली असते की लिहिताना मारली जाते, हा प्रश्न त्याने ज्या नेमकेपणाने विचारला आहे, तसा फार थोड्यांनी विचारला असेल.

जुनी वही

या चर्चेत एक सावधगिरी आवश्यक आहे. आपण ज्यांना झू शीचे शेरे म्हणत आहोत ते त्याने स्वतः लिहिलेले नाहीत. शंभराच्या जवळपास शिष्यांनी सुमारे तीन दशकांत आपापल्या वह्यांत जे टिपले, ते निरनिराळ्या संग्रहांतून छापले गेले आणि पुढे ली जिंगदने त्यांची पुनरुक्ती वगळून वर्गवारी केली. एकच संभाषण दोन शिष्यांनी वेगवेगळ्या शब्दांत टिपल्याची उदाहरणे याच ग्रंथात छोट्या अक्षरांतील टिपांमध्ये दिलेली सापडतात. भाषाही ग्रंथांची नव्हे, तर त्या काळच्या बोलण्याची आहे. ध्यानमार्गी बौद्ध मठांत गुरूंचे बोलणे टिपण्याची जी पद्धत होती, ती कन्फ्यूशियन पंडितांनीही उचलली. बौद्धांवर एवढी टीका करणाऱ्यांनी त्यांचा वाङ्मयप्रकार मात्र निःसंकोचपणे घ्यावा, हे गमतीचे आहे.

या टिपणांवर कितपत विसंबावे याविषयी झू शीच्याच वर्तुळात साशंकता होती. त्याचा जावई आणि शिष्य ह्वांग गान याने १२१५ च्या संग्रहाला प्रस्तावना लिहिताना, टिपलेले शब्द गुरूचा मूळ आशय पूर्णपणे पकडतीलच असे नाही, असे बजावले आहे. त्याआधी चेंग बंधूंपैकी चेंग यी याच्याबाबतही हेच घडले होते. त्याच्या बोलण्याची वही एका शिष्याने त्याच्यापुढे धरली, तेव्हा तो म्हणाला, की मी जिवंत असताना ही वाचण्याची गरज काय? माझे मन कळले नसेल तर लिहिणाऱ्याने टिपले ते स्वतःचेच मन. ही हकीकत आपल्यापर्यंत झू शीनेच पोहोचवली आहे. आणि चेंग बंधूंची संभाषणे संपादित करणाराही तोच.

म्हणून ‘कुजका पंडित’ हा शेरा अंतिम निकाल म्हणून वाचू नये. १३७ व्या खंडातच, यांग श्योंग आणि हान यू यांत श्रेष्ठ कोण असे विचारल्यावर तो प्रत्येकाचे आपापले गुण आहेत असे सांगतो. हान यूला मोठा आशय स्पष्ट दिसला होता, पण त्याने बारकाईने विचार केला नाही. तरीही मार्गाच्या मूळ स्वरूपावरचा त्याचा निबंध सहजी कोणाला लिहिता येणार नाही. यांग श्योंग गंभीर वृत्तीचा होता, विचार करू शकणारा होता. म्हणजे एकाच खंडात एकच माणूस निरुपयोगीही आहे आणि खोलही आहे. विचारणारा शिष्य कोण, त्याचा कल कोणाकडे झुकलेला आहे, त्याला कोठे सावरायचे आहे, यावर गुरूचे उत्तर ठरत असे. यांग श्योंगच्या भजनी लागलेल्याला एक औषध आणि त्याला उगाच तुच्छ लेखणाऱ्याला दुसरे.

मधुमालती

जुनी वही, मग तळटीप यांनी सांगितलेली एकच कसोटी कोठे राहिली? उत्तर जर विचारणाऱ्यानुसार बदलत असेल, तर आपण कसोटी शोधण्याऐवजी शिकवण्याची हातोटी शोधायला हवी.

जुनी वही

दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. श्रेष्ठता-कनिष्ठतेचा क्रम बदलतो; दोष कोणता, हे बहुधा बदलत नाही. यांग श्योंगची स्तुती करतानाही झू शी त्याला लाओझीच्या ओढीतून मोकळे करत नाही, आणि हान यूची स्तुती करतानाही त्याने दैनंदिन साधना केली असे म्हणत नाही.

अक्षरगंगा

विचारवंतांवरील शेऱ्यांपेक्षा मला १४० वा खंड अधिक वाचनीय वाटतो, कारण तेथे परंपरेच्या यादीचे ओझे नाही आणि कान मोकळा आहे. चौथ्या-पाचव्या शतकातील कवी थाओ युआनमिंग याची कविता साधी, शांत, फिकी असते असे सारे म्हणतात. झू शी मात्र म्हणतो, की तो मुळात उन्मुक्त आणि जोरकस कवी आहे, फक्त त्याचा जोर जाणवू न देता येतो. पुरावा म्हणून तो जिंग क याच्यावरील कवितेकडे निर्देश करतो. छिन राजाचा वध करण्याचा इ. स. पू. २२७ मधील फसलेला प्रयत्न हा त्या कवितेचा विषय आहे. तेथे कवीचा खरा चेहरा उघडा पडतो. शांत-फिक्या माणसाच्या तोंडून असे शब्द येतील कसे? शेवंतीची फुले आणि मद्य या त्याच्या परिचित विषयांपलीकडचा थाओ युआनमिंग दाखवणारे हे निरीक्षण पुढे कित्येकांनी उचलले.

थांग काळातील कवी ली बाय याच्याविषयी तो याच्या अगदी उलट दिशेने जातो. सर्वांना तो बेफाम वाटतो, तर झू शीला त्याच्यात संथ आणि प्रसन्न चाल दिसते. ली बायच्या कवितेला नियम नाहीत असे नसून तो नियमांच्या आत निवांतपणे वावरतो, तो काव्यातील संत आहे. ज्याला लोक शांत म्हणतात त्याच्यात वादळ आणि ज्याला वादळी म्हणतात त्याच्यात शिस्त. प्रचलित मताला छेद देण्याची हौस म्हणून हे सोडून देता येईल, परंतु दोन्ही वेळा त्याने विशिष्ट कविता पुढे केली आहे, हे विसरू नये.

ली बायचा समकालीन कवी दू फू याच्याबाबत मात्र त्याचे माझे जमत नाही. यांगत्सी नदीकाठच्या खुइजोऊला जाण्यापूर्वीची कविता चांगली, त्यानंतरची स्वतःच्याच तंत्राने चालणारी आणि अनुकरणास अयोग्य, असे त्याचे मत. झू शीच्या आधी सोंग काळातीलच कवी ह्वांग तिंगजियान याने नेमकी खुइजोऊनंतरची कविता डोक्यावर घेतली होती आणि तिचे अनुकरण करणाऱ्यांची रांग लागली होती, म्हणून हा शेरा त्या अनुकरणकर्त्यांना उद्देशून असावा. तरीही ‘शरदातील मनोगत’ ही आठ कवितांची माला खुइजोऊतलीच आहे, आणि ती बाजूला ठेवून दू फू कसा वाचायचा?

गद्यातील एक किस्सा या सर्वांहून मला प्रिय आहे. सोंग काळातील लेखक ओउयांग श्यूने (१००७–१०७२) छुजोऊ येथील ‘मद्यधुंद म्हाताऱ्याच्या मंडपा’वर लिहिलेल्या निबंधाचा कच्चा खर्डा कोणीतरी विकत घेतला होता. त्यात आरंभी छुजोऊच्या चारही बाजूंना कोणकोणते डोंगर आहेत याचे कित्येक अक्षरांचे वर्णन होते. शेवटी ते सारे खोडून ‘छुजोऊभोवती सगळे डोंगरच’ एवढ्या अर्थाची पाच अक्षरे उरली. झू शी हे सांगतो ते उत्तम लेखन दुरुस्तीतून घडते याचा दाखला म्हणून. वाङ्मय हे तोंडी लावणे असेल, पण स्वयंपाकघरात काय चालते याची त्याला बारीक माहिती होती.

दक्षिणवारा

या शेऱ्यांचा प्रत्यक्षात काही परिणाम झाला का? की ते विद्वानांच्या वह्यांतच राहिले?

तळटीप

परिणाम झाला, आणि तो दगडी इमारतीत पाहता येतो. १०८४ मध्ये सोंग दरबाराने कन्फ्यूशियसच्या मंदिरात श्युन्झी, यांग श्योंग आणि हान यू यांना पूजेत स्थान दिले होते. १३९६ मध्ये मिंग सम्राटाने यांग श्योंगला तेथून काढले आणि दोंग झोंगशूला आणले. १५३० मध्ये श्युन्झीही गेला. त्याच वर्षी वांग तोंगला मात्र प्रवेश मिळाला, म्हणजे सारे काही झू शीच्या मनासारखे झाले असे नाही. हान यू टिकून राहिला.

यांग श्योंगवर ठेवलेला ठपका होता तो राजनिष्ठेचा. इ. स. ९ मध्ये वांग मांगने हान वंशाचे सिंहासन बळकावले आणि यांग श्योंगने त्याच्या दरबारी नोकरी केली. झू शीच्या देखरेखीखाली तयार झालेल्या ‘तोंगजियान गांगमू’ या इतिहासात त्याच्या मृत्यूची नोंद ‘मांगचा अधिकारी यांग श्योंग मरण पावला’ अशी आहे. वाक्य एवढेच, पण ‘मांगचा’ हे विशेषण त्याला पुढे शतकानुशतके चिकटले. झू शीच्या पिढीला हा विषय पुस्तकी नव्हता. ११२७ मध्ये जुर्चेन लोकांनी राजधानी खाईफंग घेतली, उत्तरेत बाहुली राज्ये उभारली आणि अनेक अधिकाऱ्यांनी त्यांची चाकरी पत्करली. झू शीचे वडील जुर्चेनांशी तह करण्याच्या विरोधात होते आणि त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. हे ध्यानात घेतले, की अकराशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसावर एवढा राग का, हे समजते.

मधुमालती

याच संदर्भात सोंग काळातील कवयित्री ली छिंगझाओ हिचा उल्लेख व्हायला हवा. आपल्या राजवंशातील लिहिणाऱ्या स्त्रिया म्हणजे ली छिंगझाओ आणि वेइ बाई या दोघीच, असे झू शी म्हणतो आणि तिच्या एका कवितेतील ओळी देतो. दोन्ही हान वंश म्हणजे एकच अखंड परंपरा असून मधला वांग मांगचा वंश ही अंगावर उगवलेली गाठ आहे. म्हणूनच तिसऱ्या शतकातील विचारवंत जी खांग मरेपर्यंत आधीची सत्ता उलथून आलेल्या शांग आणि झोऊ या वंशांना तुच्छ मानत राहिला. या ओळींचा रोख उत्तरेतील बाहुली राज्यावर आहे, असा अर्थ सामान्यतः लावला जातो. त्या उद्धृत करून झू शी उद्गारतो: असले शब्द स्त्रीला कसे सुचतील!

हे कौतुक आहे, आणि याहून अपमानकारक कौतुक सुचणे कठीण आहे. तिची प्रतिष्ठा ‘त्सी’ या गेय प्रकारावर उभी आहे, आणि त्याने उचलली ती राजनिष्ठेची एक कविता. यांग श्योंगला ज्या दोषासाठी त्याने दूर लोटले, त्याच दोषावर बोट ठेवणारी म्हणून ती त्याला आवडली. अक्षरगंगा म्हणतात तसा कान मोकळा आहे, पण राज्याचा विषय आला की तो बंद होतो.

अक्षरगंगा

हे मान्य. भर म्हणून एवढेच सांगते, की कविता फार लिहू नये, मन मोकळे करण्यापुरत्या चार ओळी लिहिल्यास हरकत नाही, नाहीतर माणूस त्यात बुडतो, असा उपदेश करणाऱ्या या गृहस्थाच्या स्वतःच्या नावावर हजाराहून अधिक कविता आहेत.

जुनी वही

अखेरच्या वर्षांतील एक तपशील या चर्चेत यायला हवा. ११९५ नंतर दरबारातील वारे फिरले, झू शीची शिकवण ‘खोटी विद्या’ ठरवून तिच्यावर बंदी आली आणि एकोणसाठ जणांची काळी यादी निघाली. त्याचा पाठीराखा मंत्री झाओ रूयू हद्दपारीच्या वाटेवरच ११९६ मध्ये मरण पावला. या काळात झू शीने काय केले? ज्या हान यूचा दिवस पट आणि मद्य यांत गेला असे तो म्हणे, त्याच हान यूच्या समग्र लेखनातील पाठभेद एकेक करून तपासले. ‘हानवन खाओयी’ हा तो ग्रंथ ११९७ मधला आहे. त्यानंतर हद्दपारीत नदीत जीव देणारा प्राचीन कवी छू यूआन आणि त्याच्या परंपरेतील कवितांवर त्याने भाष्य लिहिले. त्या कवितांच्या पुरवणीत यांग श्योंगने छू यूआनला उत्तर म्हणून रचलेली कविताही त्याने घेतली आहे. हद्दपार कवीने नदीत जीव देण्याची गरज नव्हती असे सुचवणारी ही कविता त्याने टीकेसह घेतली, पण गाळली नाही.

मधुमालती यांनी विचारले होते, की यादी ज्याच्या हाती त्याच्याकडून न्यायाची आशा का धरावी. माझे उत्तर एवढेच आहे, की ज्याला तो नाकारतो त्याच्या मजकुरातील एका अक्षराचीही त्याने हेळसांड केली नाही. छापील प्रतींत आणि राजग्रंथालयाच्या प्रतीत फरक दिसला, तर केवळ प्रतीच्या प्रतिष्ठेवर न जाता वाक्याचा ओघ काय मागतो हे पाहून तो पाठ निवडतो. हान यूची वाक्यरचना त्याच्या इतकी आतून कोणाला माहीत असेल, असे मला वाटत नाही.

मधुमालती

यावरून तो उत्तम संपादक होता एवढे सिद्ध होते. न्यायाधीश म्हणून माझी तक्रार कायम आहे. ‘हानवन खाओयी’मधील दोन-तीन पाठभेद तुम्ही निवडून येथे मांडलेत, तर पुढे बोलता येईल.